हात राहू द्या

घोडेगाव, १२ जानेवारी

इंद्रायणी, एवढ्या उशिरानं लिहायला बसलो, रागवू नकोस. वही तू दिवाळीत दिलीस आणि मी ती आजपर्यंत पिशवीतून काढली नाही. तू म्हणाली होतीस, बाबा, फोनवर तुम्ही नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणता, त्यापेक्षा वहीत लिहा आणि पानाचा फोटो काढून मला वापीला पाठवा. पण वर गावात एकट्या माणसानं लिहायचं तरी काय? भात झोडून झालं, नाचणी पोत्यात गेली, आणि घरात तुझी आई नाही. हे रोज काय लिहायचं.

आता मात्र लिहिण्यासारखं आहे. मला काम लागलं. पारसमल शेठ तुला आठवत असतील, आपला हिरडा त्यांच्याकडेच जायचा. त्यांच्या किराणा दुकानाला लागून त्यांच्या नातवानं, विपुलनं, ऑनलाइनचं दुकान काढलं आहे. झेरॉक्स, दाखले, आधार, सगळं होतं. त्याचं मोठं दुकान मंचरला आहे, म्हणून इथं बसायला भरवशाचं माणूस पाहिजे होतं. शेठ म्हणाले, जानकू आश्रमशाळेत शिपाई होता, कॉम्प्युटरची खोली तोच उघडायचा आणि तोच लावायचा, त्याला घ्या. मी म्हटलं, शेठ, मी खोली उघडायचो, कॉम्प्युटर नाही. सगळे हसले. मीही हसलो.

राहायला दुकानामागची खोली दिली. खिडकी आहे, नळ आहे, भिंतीला नवा रंग आहे. अंडं-मटण आत आणायचं नाही एवढीच अट. जेवणाचं बयामावशीनं अंगावर घेतलं. ती मागच्याच आळीत राहते. तुझी आई गेल्यापासून आपल्या थोरल्या बहिणीचं घर आता आपणच बघायचं असं तिनं ठरवून टाकलं आहे. आज नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी आणली आणि मी काय काय शिकलो ते पदराला हात पुसत विचारत बसली. मी माऊस दाखवला. ती म्हणाली, "ह्ये तर साबणावानी हाय, दाजी."

मला इथं करमेल असं वाटतं.

१५ जानेवारी

दारावरच्या कुलपाची काळजी वाटते. ओढून पाहिलं तरी परत जाऊन बघावं वाटतं. बाकी ठीक.

कामाचं सांगतो. कुणी गेलं की घरचे लोक फोनमध्ये एखादा फोटो घेऊन येतात. तो वर्डमध्ये टाकायचा. विपुलनं फुलांची चौकट आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं आधीच करून ठेवलं आहे. आपण नाव, गाव आणि दशक्रियेचा घाट भरायचा. मग एका साईटवर ती फाईल चढवायची. एक निळी पट्टी सरकते, सरकते, आणि शेवटी फाईलचा फोटो होऊन खाली येतो. तो व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला पाठवायचा. वर्डची फाईल तशीच पाठवली तर लोकांच्या फोनवर मराठी अक्षरांचे चौकोन होतात, आणि कुणीही त्यात ढवळाढवळ करू शकतो. विपुल मला सांगत होता की वर्डमध्ये माणूस कापला तरी तो जात नाही. कात्रीच्या बटणावर पुन्हा दाबलं की कापलेला भाग करडा होऊन दिसतो, आतच असतो. पण साईटवरून फोटो करून घेतला की मग काही हलत नाही. "फोटो झाला की झालं, काका. देवालासुद्धा दुरुस्ती करता येत नाही."

मला हे आवडलं. आयुष्यभर मी केलेलं कुणी ना कुणी तपासून परत पाठवत आलं आहे.

२० जानेवारी

आज पहिली श्रद्धांजली एकट्यानं केली. शिनोलीचे दोघे भाऊ आले होते, थोरले बाळासाहेब आणि धाकटा सावळाराम. त्यांची आई ठमाबाई गेली. म्हातारीचा एकटीचा फोटोच नाही. घरभरणीच्या वेळचा एक आहे, त्यात सावळाराम शेजारी उभा, हात आईच्या खांद्यावर. मी सावळारामला कापलं. पण जास्त कापावं तर म्हातारीचा खांदा जातो, थोडं कापावं तर याची बोटं राहतात. चार बोटं राहिलीच, त्यातल्या एकात तांब्याची अंगठी. विपुलला फोन केला. तो म्हणाला, आपल्याकडं माणूस जिवंतपणी एकट्याचा फोटो काढतो कधी? गावातल्या सगळ्या श्रद्धांजल्या बघा, कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर परका हात असतोच.

सावळाराम तर म्हणाला, राहू द्या काका, आईला सोडवत नाही मला. बाळासाहेबांनी पैसे मोजून दिले. ते कमी बोलतात.

तू पान वाचलंस, अंगठा पाठवलास. एवढं बास झालं मला.

२८ जानेवारी

सावळाराम सातबारा काढायला आला होता. सही डाव्या हातानं केली. मी कारण विचारलं. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणाला, आधी बोटं गेली, मग मनगट, आता कोपरापर्यंत लाकूड झालं आहे, चिमटा काढला तरी कळत नाही. मी म्हटलं घोडेगावच्या डॉक्टरला दाखव. तो हसला. "आईनं धरून ठिवलाय बहुतेक."

असं बोलू नये माणसानं. दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

३१ जानेवारी

सावळाराम गेला. कळंबजवळ मोटारसायकल ट्रकखाली गेली. बघणारे म्हणतात, ब्रेक दाबायला हातच उचलला नाही त्यानं.

दुपारी बाळासाहेब आले, एकटेच. मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. त्यांच्याकडे भावाचे दोन फोटो होते. एक आधारसारखा, एकट्याचा, चांगला स्वच्छ. दुसरा भीमाशंकरचा, त्यात सावळाराम आणि त्याची बायको वैजयंती, तिचा हात याच्या खांद्यावर. बाळासाहेबांनी दुसरा पुढे केला. मी म्हटलं हा पहिला बरा आहे, कापायची भानगड नाही. ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्योच घ्या. तिचा हात ऱ्हाऊ द्या, काका. नवरा-बायकूचं लई व्हतं."

थोरल्या दिरानं एवढा विचार करावा! मला बरं वाटलं. बोटं नीट येतील अशी बेतानं कात्री लावली.

५ फेब्रुवारी

इंद्रायणी, आज तुझ्या आईचं वर्ष भरलं. तुला सुट्टी मिळाली नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. इथं बयानं पुरण घातलं. आणि मी प्रथम पुण्यस्मरणाचा फोटो केला, माझ्या हातानं.

फोटो तुझ्या लग्नातला घेतला. मांडवात तुझी आई खुर्चीवर बसली आहे. उजवीकडे तू, हिरव्या चुड्याचा हात तिच्या खांद्यावर. डावीकडे बया, तिचा गोंदलेला हात दुसऱ्या खांद्यावर. मी मागे एका कडेला, हात पाठीमागे बांधून. तेव्हा फोटोवाला म्हणाला होता, बाबा, ठेवा की हात आईंच्या खांद्यावर. तूही मागे वळून हसत तेच म्हणालीस. मी लाजलो होतो. चारचौघांत बायकोच्या खांद्यावर आमच्यातलं कोण हात ठेवतं.

बयाच्या बाजूनं स्वच्छ कापलं. तुझ्या बाजूनंही कापता आलं असतं, पण मी मुद्दाम बोटं राहू दिली. मेंदी लागलेली चार बोटं. वाटलं, आईपाशी लेकीचं काहीतरी असावं. साईटवर चढवला, निळी पट्टी सरकली, फोटो खाली आला. आश्रमशाळेच्या, भजनाच्या, गावच्या, भावकीच्या, सगळ्या ग्रुपवर टाकला. लोकांनी स्टेटसला लावला. माझ्याशी कधी एवढे लोक एकदम हात जोडून बोलले नव्हते.

९ फेब्रुवारी

विपुल आला होता. माझ्या फोनवर आईचा फोटो बघून म्हणाला, काका, क्रॉप नीट जमलं नाही, बांगड्या दिसतात, मनगट आलंय. मी चष्मा पुसून बघितलं. खरंच मनगट दिसतं. हिरव्या बांगड्या, सगळ्या.

पण मी चार बोटंच ठेवली होती. या वहीतही तसंच लिहिलं आहे, आताच मागं जाऊन वाचलं. वर्डची फाईल उघडली, तिच्यात चारच बोटं आहेत. विपुल म्हणाला, तुम्ही चुकून दुसरी फाईल चढवली असेल. असेल. मी विसरतो हल्ली. कुलपाचंही तसंच होतं.

१० फेब्रुवारी

हे पान मी तुला पाठवणार नाही.

आज वैजयंती आली होती, विधवा पेन्शनचे कागद घेऊन. हात गळ्यात फडक्यानं बांधलेला. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. नवऱ्याचं दिवस-पाणी चालू असताना बोटांना मुंग्या आल्या, आता दंडापर्यंत काही कळत नाही. रात्री झोपेत तो हात गार लागतो, कुणा दुसऱ्याचाच अंथरुणात आल्यासारखा. सासरी म्हणतात, नाटकं करते.

ती गेल्यावर मी सावळारामची श्रद्धांजली उघडली. मी बोटं ठेवली होती. आता अख्खा हात आत आला आहे, दंडापर्यंत, जांभळ्या ब्लाउजच्या बाहीसकट. चौकटीच्या फुलांच्या मधून.

मग ठमाबाईंची उघडली. सावळाराम पूर्ण उभा आहे. आईशेजारी, चौकटीच्या आत, छातीपासून डोक्यापर्यंत. मी कापलेला माणूस.

मला बसवेना. नळाखाली तोंड धरलं. तुझ्या आईचा फोटो उघडायची हिंमत

उघडला. मनगटाच्या वर आला आहे.

११ फेब्रुवारी

तुला फोन केला. बरी आहेस का, एवढंच विचारलं. तू हसलीस. म्हणालीस, बरी आहे बाबा, उजव्या हाताची बोटं जरा बधिर झालीत, पॅकिंगचं काम आहे ना. तू हॅलो हॅलो करत राहिलीस.

सगळ्या ग्रुपवर लिहिलं की कृपा करून तो फोटो काढून टाका. 'सर्वांसाठी डिलीट' दाबलं, वेळ टळून गेली असं येतं. काहींनी हात जोडले. काहींनी, ज्यांनी आधी टाकला नव्हता त्यांनी, आता टाकला. भजनाच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, जानकूबाबांना वहिनींची फार आठवण येते.

वर्डमध्ये तुझी बोटं कापून परत केला. साईटवर चढवला. खाली आला तेव्हा स्वच्छ होता, एकही बोट नाही. मी देवाला नारळ बोललो. मग जुना उघडून बघितला. जुना तसाच. फोटो झाला की झालं. दुसरा नवा फोटो होतो, पहिला जात नाही, हे मला आधी का नाही

१३ फेब्रुवारी

वैजयंती विहिरीत पडली. पाणी शेंदताना दोर हातातून सुटला म्हणतात.

बाळासाहेब तिचा फोटो घेऊन आले. एकटीचा, आधीच कापून आणलेला. म्हणाले, ह्यात कुणाचा हात नाही, बघून आणलाय. आता शेतावर एकच नाव राहिलं, भांडणतंटा मिटला, असंही म्हणाले, कुणी विचारलेलं नसताना. मी कामाला हात लावला नाही. त्यांनी वाट बघितली. मग उठताना माझ्या खांद्यावर थोपटलं.

"तुमी हात लई चांगला राखता, काका."

त्यांना माहीत होतं. आईच्या फोटोत भाऊ आत येताना त्यांनी रोज बघितला होता, आणि मग ते माझ्याकडे वैजयंतीचा फोटो घेऊन आले होते. मी त्यांच्यासाठी चहा मागवला होता.

मी त्यांच्या मागे रस्त्यावर गेलो. बाही धरली. माझी लेक त्यात आहे म्हणून सांगितलं, लोक बघत होते तरी. यातून सोडवायचं कसं ते विचारलं. त्यांनी बाही सोडवली, नीट केली. "मला काय ठावं. एकाचा काढायचा तर दुसऱ्याचा ठिवून बघा."

१४ फेब्रुवारी

दिवसभर दुकान उघडलं नाही. विपुलचे फोन येत होते.

माझा हात ठेवला असता. इंद्रायणी, देवाशपथ, माझाच ठेवला असता. फाईल उघडून कात्री दाबली, सगळा करडा भाग उजळ केला. मांडव, खुर्च्या, तू, बया, मी. मी मागे उभा, हात पाठीमागे बांधून. माझा एक हात कुठं दिसत नाही. तुझ्या आईच्या अंगावर माझा हात असलेला एक फोटो या जगात नाही.

दुसऱ्या खांद्यावर बयाचा आहे.

बयाला मूलबाळ नाही. तिचं वय झालं आहे. तिचा दमा वाढला आहे, हे डॉक्टरही म्हणतो. तुझं पोर अजून शाळेत जात नाही. असं मी स्वतःशी पाढ्यासारखं म्हणत होतो. तेवढ्यात ती आलीच, भाकरी घेऊन. दुकान बंद का, ताप आला का, म्हणून कपाळाला हात लावून बघितला. तोच हात.

ती गेल्यावर केलं. तुझी बाजू कापली, तिची बोटं राहू दिली. पट्टी सरकली. सगळ्या ग्रुपवर टाकला. लिहिलं, आधीचा फोटो चुकीचा होता, हा घ्यावा.

१५ फेब्रुवारी

व्हॉट्सॲपवर तुझा आवाज आला. बाबा, आज बोटं उघडली, आज स्वतः वेणी घातली.

मी दुकान उघडलं. गणपतीला फूल वाहिलं. गिऱ्हाइकांशी बोललो.

बयानं तो फोटो कुणाच्या तरी फोनवर पाहिला. संध्याकाळी मुद्दाम आली. मला वाटलं विचारेल. तिनं डोळे पुसले. "माझा हात ऱ्हाऊ दिला, लई बरं केलं, दाजी. न्हाईतर भनीपाशी मला कोण ठिवतंय."

मी भाकरी खाल्ली. खाल्ली मी ती.

१६ फेब्रुवारी

आजची भाकरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली. बया म्हणाली, डावा हात थापायला उठत नाही, दाजी, हसू नका. काल बोटं गेली आणि आज खांद्यापर्यंत. म्हाताऱ्या अंगाला चढायला वेळ लागत नाही.

मी सांगितलं असतं तर

सांगितलं नाही. ती विचारत होती, इंद्रीचा हात कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे. ती म्हणाली, मग झालं तर.

१७ फेब्रुवारी

बया गेली.

चुलीपुढं बसलेली सापडली. तवा तापून लाल झालेला. एकाच हाताला पीठ होतं. शेजारी फडक्यात माझी भाकरी बांधून ठेवलेली, आधीच झालेली.

माती देऊन आलो. लोक मला धरून चालवत होते. म्हणत होते, या माणसाचं मागचं-पुढचं सगळं तिनंच केलं. विपुल म्हणाला, काका, मावशींची श्रद्धांजली मीच करतो, तुम्ही बसा. तुमच्याकडे त्यांचा फोटो आहे का?

आहे. नव्या फोटोत ती पूर्ण आली आहे, बहिणीपाशी. हसते आहे.

पण आता संपलं असेल. एक घेतलं. आता

जुना बघायचा नाही.

१८ फेब्रुवारी

बघितला.

कोपर.

तुला फोन केला. जावईबापूंनी उचलला. डॉक्टरनं चौदा तारखेला सुई दिली होती, तिनं दोन-तीन दिवस बरं वाटलं, आज परत — कोपर दुमडत नाही — मानेतली शीर असेल म्हणतात — तुम्ही काळजी करू नका.

सुईनं. सुईनं बरं वाटलं होतं. माझ्यानं नाही.

मग बया कशासाठी

१९ फेब्रुवारी

विपुलनं किल्ली मागितली. म्हणतो, काका, घरी जाऊन विश्रांती घ्या. मी त्याला दाखवलं, दंड दिसतो बघ, काठाची साडी दिसते. तो बराच वेळ बघत होता. म्हणाला, असाच होता की हा, काका, आधीपासून. मला तरी असाच आठवतोय.

सगळ्यांना असाच आठवतो. भजनाच्या ग्रुपवर विचारलं — मायलेकींचा फोटो छान आहे म्हणाले. मायलेकींचा.

कात्री दाबून दाबून बोट दुखतं. वर्डमध्ये तू अजून करडी आहेस. आत आहेस. तिथून काढता येतं. इथून नाही.

२० फेब्रुवारी

वापीची गाडी मंचरवरून. पैसे आहेत. एस.टी. स्टँडवर बसलो आहे. पोचून करणार काय, माहीत नाही. हात धरीन. तुझा हात मी धरीन, चारचौघांत —

फोन लागत नाही. जावईबापूंचाही नाही.

सकाळी तुझा खांदा दिसत होता. आता गजरा. कानातली कुडी. गालाची कड.

इंद्रायणी, हे शेवटचं पान इथपर्यंत पाठवलं. बाकीची वाचू नकोस, मी फाडतो. एकच टिक आली आहे. दुसरी येऊ दे. आली की मी समजेन.

तोंड अजून पूर्ण नाही. डोळा एक. त्या दिवशी तू माझ्याकडे बघून हसत होतीस, मागे वळून, बाबा, ठेवा की हात म्हणून — ते मीच कापलं — आता तसंच वळते आहे —

लिहू नको, बोलू नको, नुसतं उघड. टिक निळी झाली की बास. निरोप पाठव. गाडी लागली आहे, मी चढत नाही, फोन हातात आहे, लवकर पाठ—